मनकर्णाबाईंचं माळवद

“धर्मशाळा हाय का माझं घर? घोरायलात किती गं!” मनकर्णाबाई दुपारभर पुटपुटायच्या. बोरी गावच्या त्या गल्लीत मातीच्या जाड छताचं गार माळवद त्यांच्याच घराला उरलेलं, बाकी सगळे पत्रे. उन्हाळा लागला की बाया लेकरं घेऊन त्यांच्याकडंच लवंडायच्या.

यंदा एका संस्थेनं सगळ्यांच्या पत्र्यांवर ऊन परतवणारा पांढरा रंग मारून दिला. घरं गार झाली. मनकर्णाबाई मात्र रोज दुपारी सतरंज्या अंथरायच्या आणि तशाच गुंडाळून ठेवायच्या.

एका दुपारी त्या उशी घेऊन शेजारच्या दैवशालाच्या दारात उभ्या राहिल्या. “माझं घर लय तापायलंय गं यंदा.”

दैवशालानं लेकराला सरकवून जागा केली.


“माळवद कुठं तापतं, आत्या? करमंना झालंय म्हणा की.”