पाठकोरे कागद

"बँकेनं सांगितलंय, ओळखपत्राची प्रत कुठंकुठं दिलीत ते आठवून लिहून आणा," झेरॉक्सच्या दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर टेकत सर म्हणाले. "एकही जागा सुटता कामा नये."

ताईंनी सवयीनं दोरीला बांधलेलं पेन आणि पाठकोऱ्या कागदांचं छोटं पॅड त्यांच्यापुढं सरकवलं. दुकान ताईंचंच. सर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, पट्टीशिवाय रेघ न मारणारा माणूस. आज मात्र त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

झालेला प्रकार त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितला. कुणीतरी त्यांच्या नावावर क्रेडिट कार्ड काढलं होतं. ओळखपत्र त्यांचं, फोटो त्यांचा, सहीसुद्धा त्यांच्यासारखी. त्या कार्डावर दोन महागडे फोन आणि एक टीव्ही उचलून तो पठ्ठ्या पसार झाला, आणि बँकेनं गोठवलं ते सरांचं पेन्शनचं खातं. चौकशी होईपर्यंत त्यातून काही निघणार नव्हतं. बायकोची औषधं सोमवारपर्यंतच पुरणार होती.

"काउंटरवरची मुलगी विचारते, हे तुम्हीच केलं नाही कशावरून? आता मी मी आहे, हे मी कसं सांगू, ताई?"

सर लिहू लागले. फोनचं दुकान. गॅसची एजन्सी. भाचीच्या लग्नाला गेले होते तेव्हाचं लॉज. लिहिताना ते प्रत्येक जागा मोठ्यानं म्हणत होते, आणि प्रत्येक जागेला ताईंना जरा हायसं वाटत होतं. लॉजच असणार. लॉजवाल्यांचं काही खरं नसतं. तेवढ्यात त्यांचं लक्ष सरांच्या हाताखालच्या पॅडकडं गेलं आणि तिथंच खिळलं.

ताईंच्या दुकानात कागद वाया जात नसे. प्रत तिरकी आली, फिकट आली, तर तिचे पैसे घ्यायचे नाहीत आणि ती फेकायचीही नाही, टेबलाखालच्या खोक्यात टाकायची, असा त्यांचा नेम होता. दुपारी घरी सासूबाई त्या कागदांचे तुकडे करत आणि कोरी बाजू वर घेऊन त्यांची पॅडं शिवत. गुडघ्यांनी घरात बसवल्यापासून त्यांचा हाच उद्योग होता. माणसाच्या चेहऱ्यावरून कात्री फिरवणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून ओळखपत्र दिसलं की त्या त्याच्या कडेकडेनं कापत. पॅडं गिऱ्हाइकांना फुकट. कोपऱ्यावरचा फळवाला नेई, शिकवणीच्या मुली नेत, आणखी कोण कोण नेई. ताईंच्या काटकसरीचं सगळ्या गल्लीला कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर ताईंनाही होतं.

तीन महिन्यांपूर्वी सरांच्या ओळखपत्राची पहिली प्रत खराब आली होती. फोटोभोवती काळा पट्टा उमटला होता. "चौकट झकास घातलीत," असं म्हणून सर हसले होते. ताईंनी दुसरी काढून दिली. पहिली कुठं गेली, हे त्यांना आता विचारायची गरज नव्हती.

खोकं पायाशीच होतं. ताईंनी ते पायानं हळूच आत ढकललं.

बोलावं, तर उद्यापासून या दुकानात कोण कागद आणेल? पोलीस घरी आले, तर सासूबाईंना काय सांगायचं? आणि नसेलच ती प्रत इथली, तर हे सगळं ओढवून कशाला घ्यायचं? मशीन गरम होऊन गुणगुणत होतं. ताईंनी ते उगाचच बंद केलं.

"सात झाल्या," सर म्हणाले. त्यांनी बोटानं पुन्हा एकदा मोजून पाहिल्या. "आणखी एखादी सुटली असेल का हो? तुम्ही एवढी वर्षं लोकांचे कागद बघता."

"इथली नाही लिहिलीत?" ताईंच्या तोंडून निघून गेलं.

सर त्यांच्याकडं बघून आज पहिल्यांदाच हसले. "इथली कशाला? इथं मी प्रत देतो कुठं? इथून तर घेऊन जातो."

ताईंना ते हसणं सोसवेना. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं. बायकोची औषधं सोमवारी संपत होती, आणि हा माणूस त्यांच्याच दुकानात बसून त्यांनाच विचारत होता. त्यांनी पुढं होऊन सरांच्या हातातलं पॅड घेतलं, वरचं पान उलटलं आणि पुन्हा त्यांच्यासमोर ठेवलं.

पानाच्या मागं ओळखपत्रावरची एक तरुण बाई होती. नाव, पत्ता, जन्मतारीख, नंबर, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. चेहऱ्याला कुठं कात्री लागली नव्हती.

"आठवी जागा लिहा, सर," ताई म्हणाल्या. "दुकानाचं नाव मी सांगते." मग वाकून त्यांनी टेबलाखालचं खोकं बाहेर ओढलं.

सरांनी पेन उचललं नाही. त्यांनी दुसरं पान उलटून पाहिलं. मागं शिकवणीतली एक मुलगी होती. मग तिसरं उलटलं. तिसऱ्यामागं कोपऱ्यावरचा फळवाला होता.