मागची भिंत

"बाबा, आज जाळी मारायची," असं म्हणून लेकीने दप्तरातून तारेच्या जाळीचे तुकडे काढले आणि फरशीवर ठेवले. तिच्या गवंडी बापाने एक तुकडा उचलून बाहुलीघराच्या भिंतीला लावून पाहिला, तो बरोब्बर बसला.

तुकडे आईने दिले होते. दर रविवारी संध्याकाळी ती लेकीला न्यायला यायची, आत न येता दारातूनच बाहुलीघर बघायची. तेवढ्यावर तिने अचूक माप धरलं होतं. दहा वर्षं गवंड्याचा संसार केलेली बाई, तिची नजर काय चुकणार!

बाहुलीघर म्हणजे शेतावरचं घर होतं, प्लायवूडचं, शेजारी गोठा. आतली चूल, खाटा, जिना सगळं झालं होतं. राहिली होती ती बाहेरची बाजू, आणि सगळं तिथेच अडलं होतं. आईला लांबच्या गावी नोकरी लागली होती, लेकीला घेऊन ती तिकडे जाणार होती, आणि घर पुरं झाल्याशिवाय निघायचं नाही, असं लेकीने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. गवंड्याने हे ऐकलं मात्र, आणि घर पुरं होऊ द्यायचं नाही असं मनाशी ठरवून टाकलं.

आधी आईस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या झाल्या. पाणी घालून पातळ केलेल्या गोंदाने चिकटवलेल्या, त्या पुढच्या रविवारपर्यंत गळून पडल्या. मग अंड्यांच्या ट्रेचे तुकडे करून दगडी भिंत केली, ती फुगली. मग गिलावा, तोही जाळी न मारता थेट लाकडावर. कामावर पहिल्या दिवशी आलेला माणूससुद्धा असलं करणार नाही. लोकांच्या भिंतींना आयुष्यात तडा जाऊ न देणारा हा माणूस पोटच्या पोरीसमोर मुद्दाम काम बिघडवत होता आणि वर हळहळत होता. त्याची त्याला लाज वाटायची. पण जिन्यात तिची पावलं वाजली की लाजबीज सगळं पार विसरायचा.

"आई म्हणाली, जाळीशिवाय लाकडावर गिलावा धरतच नाही. बाबांना माहितेय, म्हणाली. विसरले असतील."

"हो गं. विसरलोच," तो म्हणाला. लेक बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

आता वेळ काढायचा तर भिंत कशी हवी यावर घोळ घालणं एवढंच हातात होतं. त्याने फळकुटावर तीन नमुने करून दाखवले. एक गुळगुळीत, एक रेघांचा, एक वाळू मारलेला. लेकीने खेळातली गाय उचलली आणि तिची पाठ प्रत्येक नमुन्यावर घासून पाहिली. वाळूचा पसंत पडला. गाईला पाठ खाजवायला खरबरीत भिंतच लागते, म्हणाली. त्याने विचारलं, गाय कुठल्या भिंतीला खाजवणार? मागच्या, ती म्हणाली, पुढच्या बाजूला पाहुणे येतात.

त्याला हसू आलं, आणि लगेच रडूही. गायीपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांची सोय बघणारी ही पोर पुढच्या रविवारी इथे नसणार होती.

बारीक खिळ्यांनी जाळी ठोकली. गिलाव्यात पाणी जास्त ओतावं, घमेलं लवंडावं, काय काय मनात आलं. पण लेक हातांकडे बघत होती, आणि हात तरी कुठे ऐकत होते? चमच्याने लावलेला गिलावा असा बसला की पुढची भिंत एखाद्या खऱ्या घराची वाटावी. मग दोन्ही बाजूच्या झाल्या. तो खाली पाण्याची बादली भरायला गेला आणि आल्यावर मागच्या भिंतीसाठी जाळी मागितली.

"तीनच होते," लेक म्हणाली.

गवंड्याने फरशीवर पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. नव्हताच. इतकी मापात चालणारी बाई, आणि नेमकी इथे चुकली! कोपऱ्यात जुनी चाळण पडली होती, तिच्यातून एक तुकडा सहज निघाला असता. त्याने चाळणीकडे पाठ केली आणि मागच्या भिंतीवर कोरड्या लाकडालाच गिलावा थापला. लेकीने वरून वाळू मारली, अगदी मन लावून.

आई आली ती दारातच थांबली. दमलेली दिसत होती. म्हणाली, पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय, आता आणखी पुढे ढकललं तर नोकरीच जाईल. येत्या रविवारी सकाळीच हे घर न्यायला टेम्पो घेऊन येते. तोवर वाळेल ना?

"वाळेल," गवंडी म्हणाला.

"लागले ना चारही तुकडे?"

गवंड्याने लेकीकडे पाहिलं. ती खाली बसून बूट चढवत होती. तिच्या पांढऱ्या मोज्यातून तारेचं एक टोक बाहेर आलं होतं आणि त्याच्याभोवती रक्ताचा ठिपका पसरत होता. तिने मान वर केली नाही. बुटाची नाडी मात्र पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"लागले," तो म्हणाला.

मायलेकी निघाल्या. लेक कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती, डावा पाय जेमतेम टेकत. आईने थांबून विचारलं, लंगडतेस का? पायाला काय झालं?

लेकीने वर दाराकडे पाहिलं.

"काही नाही," गवंडी वरून म्हणाला. "बसून बसून मुंग्या आल्यात तिच्या पायाला."