हळदीचा दोरा

“काल तिने वेगळं काही खाल्लं होतं का?” गुरं तपासायला आलेल्या व्हेटने विचारलं.

“नाही,” विनिता म्हणाली. “नेहमीचंच. दूध आणि गवत.”

कालवड कुंपणाशी आडवी पडली होती. तीन महिन्यांची, तपकिरी, काल संध्याकाळी उड्या मारणारी. शेजारच्या डेअरी फार्मवरच्या ग्रॅहमने ती जुईला शाळेच्या काफ डेसाठी, म्हणजे मुलांनी वाढवलेली वासरं मिरवण्याच्या दिवसासाठी, वाढवायला दिली होती. जुईने इथल्या एका फळावरून तिचं नाव ठेवलं होतं फिजोआ. येत्या गुरुवारी दोघी शाळेच्या मैदानावर चालणार होत्या. आता नऊ वर्षांची जुई गमबूट घालून, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात खुपसून उभी होती.

विनिताची नजर मात्र गवतातून फिरत होती. तिला एक दोरा हवा होता. हळद लावलेला, पिवळा दोरा.

काल वसुबारस होती. पुण्यात असताना विनिताने कधी वसुबारस केली नव्हती, तिथे दूध पिशवीतून येत होतं. पण परदेशात, हॅमिल्टनबाहेरच्या या भाड्याच्या घरात आल्यापासून तिला सणांचा भारी उमाळा येई. आणि यंदा तर दारात खरंखुरं वासरू! गाय नव्हती, वासरावरच भागवलं. कुंकू लावलं, ओवाळलं. इथे आत्ता कुठे वसंत लागला होता, झेंडूची रोपं अजून टीचभर होती, म्हणून कुंपणालगतच्या कण्हेरीचे डहाळे तोडले आणि हळदीच्या दोऱ्यात पानाफुलांचा घसघशीत हार ओवला. गणपतीला चालते कण्हेर, मग वासराला का नाही? फोटो काढला, मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. शेहेचाळीस जणांनी हात जोडले. हार काढून ठेवायचं तेवढं राहून गेलं.

सकाळी कालवड मेलेली दिसली तेव्हा गळ्यात हार नव्हता. व्हेट यायच्या आत विनिताने फोनवर कण्हेर शोधली. दोनच ओळी वाचल्या: चार पानंही गुराचा जीव घेतात. मग तिने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर ग्रुपवरचा फोटो काढून टाकला.

“असं अचानक जाण्याची बरीच कारणं असतात,” व्हेट म्हणाली. “पोट फुगतं. एखादं विषारी झाड पोटात जातं. नाहीतर मातीतल्या जंतूंचा एक रोग आहे, धडधाकट वासरू बघता बघता जातं. त्याची लस असते.”

ग्रॅहमने डोक्यावरची टोपी काढली.

“दुसरा डोस गेल्या आठवड्यात द्यायचा होता,” तो म्हणाला. “मी रॅगलनला समुद्रावर मासे पकडत बसलो. वीस वर्षांत कधी उशीर केला नव्हता.” तो जुईसमोर खाली बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. “सॉरी, लव्ह. माझ्यामुळे गेली तुझी फिजोआ.”

जुईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती आईकडे पाहत होती.

“पोट उघडून पाहिलं तर लगेच कळेल,” व्हेट म्हणाली. “पण मुलीची लाडकी होती. तुम्ही म्हणाल तसं.”

“नको!” विनिता घाईने म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने जोडलं, “आमच्या धर्मात गाईला सुरी लावत नाहीत.”

ग्रॅहमने मान लववली. व्हेटनेही. किती आदराने! विनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या जन्मात तिने धर्माची अशी ढाल केली नव्हती, आणि केली तेव्हा ती अशी चटकन उपयोगी पडली.

व्हेट गेली. ग्रॅहम फावडं घेऊन आला आणि कुंपणापलीकडे त्याच्या बाजूच्या पॉपलरच्या झाडाखाली खड्डा खणू लागला. जुई त्याच्याबरोबर गेली. “आय वॉना हेल्प, आई,” एवढंच म्हणाली. नवरा ऑफिसला गेला होता. विनिता स्वयंपाकघरात आली, चहा टाकला आणि प्यायचा विसरली. सांगावं का? सांगितलं तर जुई काय म्हणेल? तिच्या वासराला आईने मारलं, तेही ओवाळून. आणि नाही सांगितलं तर तो बापडा माणूस जन्मभर स्वतःला दोष देत राहील. देऊ दे, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस आली.

खिडकीतून तिला दोघं दिसत होती. खड्डा बुजवून झाला होता. जुई ग्रॅहमला काहीतरी सांगत होती. तिने खिशातून हात बाहेर काढला. ग्रॅहम बराच वेळ तिच्यासमोर वाकून उभा राहिला.

मग दारावर थाप पडली. ग्रॅहम एकटाच आला होता. बूट मातीचे म्हणून तो उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याच्या तळहातावर पिवळा दोरा होता, चावून चोथा झालेला. त्यात कण्हेरीचं एक अर्धं पान अडकलं होतं.

“जुईने सगळं सांगितलं मला,” तो हळूच म्हणाला. “हार तिनेच केला, तिनेच घातला, आणि भीतीने सकाळी दोरा लपवला. तिला ओरडू नका, प्लीज. एवढ्याशा पोरीला काय ठाऊक, कुठल्या झाडात विष असतं?”

पॉपलरखाली जुई पाठमोरी उभी होती. मातीवर फुलं ठेवत होती, गवतातली साधी पांढरी फुलं.

विनिताने दोरा त्याच्या हातातून घेतला.

“जुई खोटं बोलली, ग्रॅहम,” ती म्हणाली. आणि सकाळपासूनचं तिचं हे पहिलं खरं वाक्य होतं.