तीन कड्या

"बिबट्या दिसला की पोरं घेऊन इथं घुसायचं, तिन्ही कड्या लावायच्या," नवऱ्यानं हौसाला बजावलं. घर उसाला लागूनच, म्हणून त्यानं आतल्या खोलीला लोखंडी दार बसवलं होतं. अख्खी वस्ती ते बघून गेली.

पंधरा दिवसांनी भरदुपारी हौसा तिथं पाण्याची कळशी ठेवायला गेली. दार सताड उघडं होतं आणि आत गारव्याला बिबट्या पसरला होता.

पोरं अंगणात खेळत होती. कळशी टाकून तिनं दार लोटलं आणि पाठ लावून उभी राहिली. आतून धडक बसली.

नवरा धावत आला. "अगं, कडी लाव की!"

"कुठं लावू?" ती किंचाळली. "तिन्ही आतनं बसवल्यात तुम्ही!"