घर-दर्शन

लॉकडाऊनमुळे आमची सहल रद्द झाली, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, मग आपलं घरच दाखव ना. तू गाईड, आम्ही पर्यटक."

वीस वर्षं लोकांना परकी गावं दाखवत हिंडलो, माझं दोन खोल्यांचं घर ते काय! छत्री उंच धरली आणि निघालो. मागून बायको आणि लेक, दोघींच्या डोळ्यांवर गॉगल, खांद्याला पर्स.

आमच्या धंद्यात 'माहीत नाही' म्हणायचं नसतं. माहीत नसेल तर ठोकून द्यायचं. मी फ्रिजचा इतिहास सांगितला, गळक्या नळाची दंतकथा सांगितली. दोघी पोट धरून हसत होत्या.

मग स्वयंपाकाच्या ओट्याचा एक फुटका कोपरा दिसला. मी आवाज चढवला, "इथं एका राणीनं रागाच्या भरात राजाला लाटणं फेकून मारलं. राजा वाचला, ओटा गेला!"

कुणीच हसलं नाही. लेकीनं गॉगल काढला आणि कपाळावरचे केस बाजूला केले. तीन टाक्यांचा व्रण. तिनं एक बोट त्यावर ठेवलं आणि दुसरं ओट्याच्या फुटक्या कोपऱ्यावर. ती लहान असताना एकदा सहलींचा सीझन संपवून मी घरी आलो, तेव्हा जखम भरलेली होती. शाळेत पडली असेल, असं मीच धरून चाललो होतो. विचारलं नव्हतं.

बायको नळाकडे बघत राहिली. माझी छत्री आपोआप खाली आली.

लेक मात्र अजून खेळातच होती. तिनं अगदी पर्यटकाच्या अदबीनं विचारलं, "गाईडकाका, तुम्ही इथं नवीन आलात का?"