समोरची काच

“साबण कुठाय?” हेमलताबाई गाडीच्या आतून गरजल्या. “कोरड्या रबरानं काच बसते होय? पुऱ्या तळायला बसलीस नि तेलच विसरलीस, तसलं तुझं!”

बाहेर काच धरून उभ्या असलेल्या मैत्रेयीनं काच परत गोधडीवर ठेवली आणि साबणाचं पाणी आणायला लिफ्टकडे गेली. सकाळपासूनची ही तिसरी चूक. आधी तिनं काचेवर रबर उलटं चढवलं. मग त्याच्या खाचेत परकराची नाडी भरली, तर नाडीची टोकं आत सोडायची ती बाहेर ठेवली. आतून नाडी ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावरून आत उलटते आणि काच बसते, एवढंच तर काम. एम.एस्सी. झालेली सून! हेमलताबाईंची शाळा चौथीत सुटली होती, पण त्यांचा हात कसा आहे ते मागच्या काचेला विचारावं. ती त्यांनी आणि जयदीपनं मिळून उन्हाळ्यात बसवली होती.

जयदीप त्यांचा एकुलता एक. नोएडाच्या या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार वर्षं एकेक रविवार घालवून त्यानं ही पन्नाशी उलटलेली फियाट उभी केली. “संक्रांतीला तुला हिच्यातून पानिपतला नेतो, काला अंबचं स्मारक दाखवतो,” म्हणायचा. “पोचेल का रे? की आपल्या लोकांसारखी तिथंच पडेल?” असं त्या म्हणाल्या, तेव्हा हसता हसता बॉनेटवर आडवा झाला होता. समोरची काच तेवढी राहिली होती. आठ महिने शोधून ती मायापुरीच्या भंगारबाजारात सापडली. ती बसवायच्या आधीच भाद्रपदात त्याला डेंग्यू झाला, आणि पाचव्या दिवशी सगळं आटोपलं.

तेराव्याला हेमलताबाई खाली उतरल्या. गाडी दिसली आणि जीभ सुटली. “हे धूड आधी माझ्या डोळ्यांपुढून हलव,” त्या सुनेला म्हणाल्या. मनात होतं भलतंच. पण मैत्रेयीनं मान डोलावली आणि महिनाभरात जयपूरचं एक शौकीन गिऱ्हाईक शोधलं. त्याची अट एकच, समोरची काच बसवलेली हवी. तसली काच आता मिळत नाही; ती नसेल तर गाडी नको.

तेव्हापासून दोन शब्द हेमलताबाईंच्या घशात अडकले होते. नको विकूस. पण बोललेलं मागे घ्यायचं म्हणजे त्यांना मरण. नवऱ्यापुढे कधी घेतलं नाही, ते सुनेपुढे घेणार? आणि हिनं तरी एका शब्दानं विचारावं की नाही! नवरा जाऊन तीन महिने झाले नाहीत नि निघाली गाडी काढायला. दगडाची आहे दगडाची.

म्हणून त्यांनी कालच मनाशी ठरवलं होतं. काच फुटली की गिऱ्हाईक गेलं. शब्दही गिळायला नको नि गाडीही जायला नको. जयदीपनंच तर सांगितलं होतं, “आई, हिसका द्यायचा नाही. काकडीचं साल काढतेस ना, तशी नाडी काढायची. कोपऱ्यावर हिसका बसला की काच गेली.” एक हिसका. म्हातारीच्या हाताला कोण बोल लावणार?

गाडी न्यायला फाटकाशी उभ्या असलेल्या ट्रकचा ड्रायव्हर डोकावला. “माताजी, और कितना टाइम?”

“जितना लगेगा उतना! काच है, पापड नहीं!”

मैत्रेयी पाणी घेऊन आली. तिनं रबर ओलं केलं आणि काच उचलून चौकटीला टेकवली.

“आई, थंडीनं रबर ताठरलंय. आज राहू द्यायचं का?”

“का? ट्रक काय तुझ्या बापाचाय?”

“मग जोरात ओढा. हळू ओढलं तर निघायची नाही नाडी.”

“मला शिकवू नकोस. तू बाहेरून दाब.”

मैत्रेयीनं दोन्ही तळवे काचेवर टेकले. हेमलताबाईंनी नाडी ओढायला घेतली. रबराची कड टपटप उलटत आत येऊ लागली. खालची बाजू झाली. एक कोपरा झाला, दुसरा झाला. वरची बाजू सरली. चौथ्या कोपऱ्याशी त्यांनी नाडी मुठीला गुंडाळली आणि दात आवळले.

हिसका बसला नाही.

चालायला, बोलायला, घास गिळायला जयदीपला त्यांनी शिकवलं. त्यानं आईला शिकवलेलं असं हे एकच काम. ते वाकडं करायला हात धजेना. हात आपले काकडी सोलल्यासारखे नाडी सोलत राहिले, सावकाश, शेवटच्या बोटभर तुकड्यापर्यंत. काच बसली. कुठे केसभर फट नाही.

“बसली,” त्या बाहेर येऊन म्हणाल्या. “बोलाव त्याला.”

मैत्रेयीचे तळवे अजून काचेवरच होते. जरा वेळानं तिनं ते उचलले, पदराला पुसले आणि ड्रायव्हरला हाक मारली.

गाडी ट्रकवर चढली. दोरखंड आवळले गेले. ट्रक फाटकातून बाहेर पडून हायवेच्या धुरक्यात दिसेनासा झाला, तरी दोघी तिथंच उभ्या राहिल्या. गप्प राहणं हेमलताबाईंना कधी जमलं नव्हतं.

“सकाळपासून नुसता घोळ घातलास,” त्या म्हणाल्या. “माणसानं चुकावं तरी किती?”

मैत्रेयीनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

“चुकत नव्हते मी, आई. मला वाटलं, शेवटी तुम्ही तरी फोडाल.”