अरुणाच्या मापाचा दस्ता

"ग्राइंडर न्या, विलासभाऊ. दोन मिनिटांत काम खलास!" मुख्तारनं लाल यंत्र काउंटरवर ठेवलं.

"नको. करवत दाखव. बारीक दातांची."

मुख्तारनं कपाळाला हात लावला. रत्नागिरीचा हा गडी बहरीनमधल्या सनाबिस भागात हार्डवेअरचं दुकान चालवायचा आणि विलासला चांगला ओळखून होता. बँकेत आकडे जुळवणारा माणूस. घरातला बल्ब बदलायचा तर हा शिडी धरणार आणि वर बायको चढणार. आणि आज साहेब निघाले होते रायफलीचा दस्ता कापायला!

रायफल साधी, छऱ्याची, कागदी टार्गेटवर नेम धरायची. सखीरच्या रस्त्यावर नेमबाजीचा क्लब होता. तिथला एक सभासद देश सोडून चालला होता, त्याच्याकडून विलासनं ती बायकोसाठी, अरुणासाठी, घेतली होती. रायफल क्लबातच राहणार होती. मागचा लाकडी दस्ता तेवढा सुटा करून बाहेर न्यायची परवानगी मिळाली होती. दस्ता होता एका धिप्पाड माणसाच्या मापाचा. अरुणा विलासच्या खांद्याला लागायची. म्हणजे तो मागून आखूड करायचा आणि गाल टेकतो ती बाजू तिच्या चेहऱ्यापुरती घासायची.

"वहिनी कुठल्या खांद्याला लावतात?"

"उजव्या. माझी बायको आहे ती, मला माहीत नसणार?"

त्यानं करवत घेतली, अर्धगोल कानस घेतली, जाडा आणि बारीक पॉलिश पेपर घेतला, जवसाचं तेल घेतलं. करवतीचे दात अंगठ्यानं चाचपताना त्याला बरं वाटत होतं. हे हातानंच व्हायला हवं होतं. यंत्रानं केलं असतं तर मनावरचं ओझं जिथल्या तिथे राहिलं असतं.

ओझं जुनं होतं. लग्न झालं तेव्हा अरुणा पुण्यात विद्यापीठाच्या नेमबाजी संघात होती. राज्य संघाची निवडचाचणी तोंडावर आली आणि विलासचा बहरीनचा व्हिसा आला. "पुढच्या वर्षी देशील की चाचणी," तो म्हणाला होता. ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. अरुणानं कधी चकार शब्द काढला नाही, आणि तेच त्याला आतून खात होतं.

हल्ली तर ती फारच गप्प झाली होती. बुदैया हायवेवर झोकात गाडी चालवणारी बाई, तिनं स्टिअरिंगला हात लावणं सोडलं. भरतकाम कपाटात गेलं. चहा ओतताना कपाबाहेर सांडायची आणि नुसती बघत बसायची. मागे एकदा सखीरला जाताना उजव्या हाताला क्लबची पाटी आली, तर शेजारच्या सीटवरून पूर्ण मान वळवून त्या पाटीकडे बघत राहिली. विलासला वाटलं, एवढी वर्षं झाली, तरी हिच्या मनातून गेलं नाही! दुसऱ्याच दिवशी तो क्लबात जाऊन आला होता.

फोन वाजला. अरुणाच होती.

"सुट्टीच्या दिवशीही बँकेतच?"

"ऑडिट गं. संपता संपत नाही."

"बरं. संपलं की सांग."

मुख्तारनं डोळे मोठे केले. "जुम्म्याच्या दिवशी खोटं बोलता, भाऊ?"

"चांगल्या कामासाठी आहे रे," विलास म्हणाला. पण त्याला ते लागलंच.

मग दर शुक्रवारी तो मुख्तारच्या दुकानामागे स्टूल टाकून बसू लागला. पहिला काप वाकडा गेला. तो सरळ करता करता बोटांची सालं निघाली. मुख्तार चहा आणून द्यायचा, वरून टोमणाही द्यायचा. घरी ऑडिट चालूच होतं. अरुणानं कधी कुरकुर केली नाही. रात्री जेवताना एवढंच विचारायची, "संपलं का?"

शेवटी दस्ता तयार झाला. विलासनं तो टॉवेलात गुंडाळून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर तिच्यापुढे ठेवला. सगळं सांगून टाकलं. क्लब, रायफल, पुण्याची चाचणी. "माझ्यामुळे गेलं तुझं. मला माफ कर, अरुणा."

अरुणा लाकडावरून हात फिरवत राहिली. मग खुदकन हसली. "वेडा आहेस का रे? ते मी कधीच सोडून दिलं. किती गुळगुळीत केलायस हा!"

तिनं दस्ता उचलला आणि डाव्या खांद्याला लावला.

"अगं, उजवा! उजव्या खांद्यासाठी घासलाय तो."

"उजवा डोळा कुठून आणू?"

विलासला कळेना. ती थट्टा करतेय असं वाटून तो हसायला गेला. तिचा चेहरा पाहून त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"धुरकट दिसतं म्हणाले होते ना तुला, डॉक्टरकडे जाऊ या म्हणून? तू म्हणालास, एवढं ऑडिट संपू दे. आता त्या डोळ्यानं नुसता उजेड कळतो."

"मग एकटी का नाही गेलीस? टॅक्सी करून..."

"भीती वाटली रे. डॉक्टर काय सांगतील ते एकटीनं कसं ऐकायचं?" तिनं दस्ता हळूच खाली ठेवला, टेबलाची कड आधी हातानं चाचपून. "मी थांबलेय. संपलं का ऑडिट?"

बँकेतलं खरं ऑडिट केव्हाच संपलं होतं. त्यानंतरचे सगळे शुक्रवार विलास हा दस्ता घासत बसला होता.